दोतोर काय म्हणालो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, चळवळीतल्या पोरांना नाही, बापूंना तर नाहीच नाही. आणि मी काही न बोलणारा माणूस नव्हे. डिचोलीच्या बाजारात भाजीवाल्याच्या खोक्यावर उभं राहून मामलेदाराला सुनावणारा मी. पण ही गोष्ट ओठाशी आली की मी खोकतो, काडेपेटी शोधतो, बस चुकेल म्हणून उठतो. आज लिहून टाकतो. लिहिताना निदान कुणी तोंडाकडे बघत नसतं.

तुम्ही मला ओळखत असाल तर पत्रकांवरून. धिक्कार असो, जाब द्या, याद राखा—या शब्दांवर मी वाढलो. मी गोव्याचा, पेडण्यातल्या हळर्णचा. भाषेच्या भांडणाच्या वेळी कॉलेजात होतो, आणि वह्यांपेक्षा भिंतींवरच जास्त लिहिलं. कोकणी की मराठी यावरून तेव्हा सख्खे भाऊ एका पंगतीला बसेनात. आम्ही घरात बोलायचो एक, लिहायचो दुसरी, आणि दोन्हींबद्दल कुणी ना कुणी आम्हांला दोषी धरायचं. भाषेचा कायदा झाला, गोव्याचं वेगळं राज्य झालं, वरचे लोक खुर्च्यांवर जाऊन बसले. आम्हां पोरांच्या हातात एकच मागणी उरली, आणि ती मला आजही खरी वाटते: माणसाला जे सांगायचं ते त्याच्या बोलीत सांगा. कोर्टात, कचेरीत, दवाखान्यात. इंग्रजीचा पडदा ओढून गरिबाला फसवू नका. पत्रकात 'दवाखान्यात' हा शब्द मीच घातला होता. बाकीच्यांना तो सुचला नव्हता.

भाषेचा धुरळा बसला तसे आम्ही खऱ्या धुळीकडे वळलो. खनिजाचे ट्रक—उघडे, शिगोशीग भरलेले, एकामागून एक. डिचोलीच्या रस्त्याकडेची झाडं, कौलं, दोरीवरचे कपडे, सगळं तांबडं. आम्ही चार पानांचं साप्ताहिक काढलं. ते बापूंच्या छापखान्यात निघायचं. बापू वयाने आमच्या बापाएवढे, रागाने आमच्याएवढे. त्यांनी छपाईचे शिशाचे खिळे मोडीत काढून कंप्युटर आणला होता, आणि त्याची बडदास्त जावयासारखी होती. धूळ लागू नये म्हणून मागच्या खोलीच्या खिडक्या प्लास्टिक ठोकून बंद केलेल्या. एसी बसवलेला. चपला दाराबाहेर. खंडेनवमीला त्याला झेंडूची माळ. त्या अख्ख्या गावात धुळीपासून जपलेली एकच वस्तू होती आणि ती म्हणजे ते यंत्र. त्याच्यासमोर दिवसभर बसणाऱ्या मुलीचा विचार कुणी केला होता? मी केला होता?

तिचं नाव सुलक्षा. चोपड्याची. नदीकाठचं घर, बाप होडीवर, आई ओहोटीला चिखलातले शिंपले, तिसऱ्या, वेचणारी. बारावीनंतर डिचोलीला मामाकडे येऊन राहिली, टायपिंग शिकली आणि बापूंकडे लागली. तिच्या आईला केवढा अभिमान—पोरगी चिखलात वाकत नाही, थंड खोलीत खुर्चीवर बसते. 'बसून काम' हे आमच्याकडे आशीर्वादासारखं म्हणतात. बसलेल्या माणसाला काम खाऊ शकतं, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

खुर्ची म्हणजे काय, तर एक ठेंगणी लाकडी खुर्ची. आणि टेबल जुनंच, उभ्याने खिळे जुळवायचं, पाय जरासे कापलेलं. बसलं की खांदे कानाला लागायचे. तिने त्यावर उपाय काढला. आमच्या साप्ताहिकाच्या न खपलेल्या अंकांचा गठ्ठा खुर्चीवर ठेवला आणि त्यावर बसू लागली. मी भडकलो. चळवळीचा अपमान वगैरे म्हणालो.

"बसाक तरी उपेगी पडतत," ती म्हणाली, पडद्यावरची नजर न काढता.

मी शेजारी स्टुलावर बसून मजकूर वाचायचो, ती कळा दाबायची. मराठी अक्षर तेव्हा एका कळीत पडत नसे. काना वेगळा, वेलांटी वेगळी, अर्ध्या अक्षरासाठी एक कळ धरून दुसरी दाबायची. आणि माझी पत्रकं म्हणजे जोडाक्षरांची जत्रा. कधी ती थांबून मान वळवायची आणि विचारायची, ओ पुढारी, शिव्या जरा सोप्या देता येत नाहीत काय? मी हसायचो आणि पुढच्या वाक्यात आणखी अवघड शब्द घालायचो. का?—तिने पुन्हा मान वळवावी म्हणून. दुसरं काय.

सांगू? त्या खोलीसारखं सुख मला नंतर कुठे मिळालं नाही. एसीची घरघर. भर मे महिन्यात तिच्या अंगात मामाचा लोकरीचा स्वेटर, बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. पडद्याचा हिरवा उजेड तिच्या गालावर. माझ्या तोंडातलं वाक्य तिच्या बोटांतून जाऊन समोर उमटायचं, आणि मला ते माझं वाटायचं नाही, आमचं वाटायचं. अजूनही कुठल्या थंड ऑफिसात शिरलो की वाटतं ती मागे बसलेली आहे. मी वळून बघत नाही. नसणार हे ठाऊक असतं, तरी तेवढा क्षण मला हवा असतो.

सुरुवात डोळ्यांपासून झाली. दुपारी बाहेर आली की ती पायरीवर चौकटीला धरून उभी राहायची, ऊन सोसेपर्यंत. डोळे लाल आणि कोरडे. एकदा पोदेराच्या भट्टीतला उंडो, म्हणजे गोल पाव, फोडून म्हणाली, हा आतून गुलाबी दिसतो. दिवसभर हिरवं बघितलं की पांढरं तसं दिसतं म्हणे. आम्ही सगळे पोट धरून हसलो, आणि पुढे कितीतरी दिवस तिला 'गुलाबी उंडो' म्हणून हाक मारत होतो. मग मान धरली. मग खांदा. मग उजव्या हाताची बोटं—अंगठा आणि त्याच्या लगतची दोन. हात धुऊन पाणी झटकावं तसा ती तो हात झटकत राहायची, बोलताना, जेवताना, रस्त्याने चालताना. एकदा चहाचा कप हातातून सुटला. बापूंनी आधी यंत्राकडे धाव घेतली. मी? मीसुद्धा आधी यंत्राकडेच बघितलं.

एका दुपारी वाक्य अर्ध्यावर असताना तिने हात उचलून मांडीवर ठेवला. त्याच्याकडे परक्यासारखं बघत म्हणाली, "बोटां माझी न्हय अशी वाटतत."

त्याच दिवसांत मी ट्रकवाल्यांच्या कमरेवर अख्खं पान लिहीत होतो. एका जागी बसून बसून मणका कसा बसतो, स्टिअरिंगवर हात कसे बधिर होतात, आणि तक्रार केली की मालक कसा म्हणतो—बसून तर असतोस, तुला काय धाड भरली? मालकाच्या त्या वाक्यावर मी काय तुटून पडलो होतो. आणि ते पान टाइप कोण करत होतं? एका जागी बसून, बधिर बोटांनी? मला ते दिसलं नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. खोटं आहे. दिसलं होतं.

शेवटी बापूंच्या बायकोने आवाज चढवला. पोरीचा हात बघा काय झालाय, कोणीतरी दवाखान्यात न्या, का सगळे मोर्च्यालाच जन्माला आलात? मामाला सुट्टी मिळेना, म्हणून मी नेलं. म्हापशाला, शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी. बस ठेचून भरलेली. ती खिडकीशी, मी बाजूला, मधे कुणाची तरी केळ्यांची पिशवी. आणि मी—हे लिहायला लाज वाटते—खुशीत होतो. एक अख्खा दिवस, ती आणि मी.

इथवर आलो की मी नेहमी थांबतो. मनातल्या मनात हे किती वेळा सांगायला घेतलं असेल, आणि दर वेळी मी त्या बसमधून उतरतच नाही. खिडकी, वारा, तिची उडणारी बट, एवढ्यावरच राहतो.

आज उतरतो.

डॉक्टर दक्षिणेकडचा, गोव्यात नवाच आलेला. भला माणूस, पण कोकणी-मराठी येत नव्हती. त्याने तिचं मनगट वाकवून थोडा वेळ तसंच धरून ठेवलं, अंगठ्याच्या बुंध्याचं मांस दाबून बघितलं. काय काम, कशावर, किती वेळ, हे मला विचारलं. मग इंग्रजीत, मला नीट कळावं म्हणून सावकाश सांगितलं. मनगटातून जाणारी नस दाबली गेली आहे. आजपासून यंत्र बंद, निदान दोन-तीन महिने कळेला बोट लावायचं नाही. झोपताना मनगटाला पट्टा. पुन्हा येऊन दाखवायचं. आत्ता थांबली तर हात सुधारेल. रेटलं तर अंगठ्यातलं बळ जाईल, आणि एकदा गेलं की परत येईल याची खात्री नाही. हे सांगताना तो तिच्याकडे बघत होता. मी तिला सांगेनच हे त्याने धरून चाललं होतं. ती माझ्याकडे बघत होती. इंग्रजी तिला कागदावर बघून टाइप करण्यापुरतं यायचं, कानाने पकडण्याइतकं नाही.

बाहेर बाकावर बसल्यावर तिने विचारलं, "दोतोर काय म्हणालो?"

मी म्हटलं, "काय विशेष नाय. शिरा आखडल्यात. गोळ्यो घे नि बोटांचो व्यायाम कर."

हेच ते. एवढंच. तिच्या बोलीत सांगितलं, आणि अगदी मायेने सांगितलं.

कसला व्यायाम, तिने विचारलं. तो मी तिथल्या तिथे बनवला. रोज सकाळी ओलं फडकं घ्यायचं आणि दोन्ही हातांनी पिळायचं, पाणी ठिबकायचं थांबेपर्यंत. कुठून सुचलं देव जाणे. पट्टा खालच्याच दुकानात टांगलेला होता. मी तिला रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने नेलं, कारण पट्टा घेतला असता तर तिने कशाला म्हणून विचारलं असतं. पुन्हा दाखवायला या, हे मी गिळूनच टाकलं. तिचा चेहरा मात्र सुटला होता. घरी पाठवतील या भीतीने ती सकाळपासून गप्प होती, ती आता बोलत सुटली. बाजारात खाजं घेतलं, बसमध्ये मला दिलं, डाव्या हाताने. मी ते खाल्लं.

का केलं मी असं? खनिजाच्या ट्रकांविरुद्धचा मोर्चा तोंडावर आला होता. विशेष अंक अर्धा पडून होता. मराठी टाइप करणारं दुसरं कुणी आमच्याजवळ नव्हतं. परतीच्या वाटेवर मी हे सगळं मनात पत्रकासारखं मांडलं, ठळक टायपात: एका बाजूला सगळ्या गावाची फुप्फुसं, दुसऱ्या बाजूला एक मनगट. पण त्याच्या खाली आणखी एक ओळ होती. यंत्र बंद म्हणजे ती चोपड्याला परत. म्हणजे ती खोली गेली, स्टूल गेलं, तिचं मान वळवणं गेलं. मला ती जायला नको होती. यांतलं कुठलं कारण आधी आलं? मला आजही ठरवता येत नाही. तिलाही जायचं नव्हतंच, असंही एक वाक्य मी बरेच दिवस जवळ बाळगलं होतं. पण तिला काय हवं होतं ते ठरवायला तिला खरं कळायला नको होतं का? आणि त्या खालच्या ओळीला प्रेम म्हणायला मला तोंड नाही.

अंक निघाला. देखणा निघाला. मोर्चा झाला, ट्रकांवर एक हंगाम ताडपत्र्या आल्या आणि पुढच्या हंगामात गेल्या. सुलक्षा रोज सकाळी मामाच्या परसात फडकं पिळत होती. मी एकदा पाहिलं. खालचा ओठ दातांत धरलेला, डोळे मिटलेले, पिळत होती. दोतोराने सांगितलंय म्हणून. मी कुंपणाशी उभा होतो. आत जाऊन ते फडकं तिच्या हातातून काढून घेता आलं असतं. मी वळलो, बापूंकडे गेलो आणि पुढचा मजकूर लिहायला बसलो. तो मजकूरही तिनेच टाइप केला.

गणपतीच्या चवथीआधी तिला पेन धरवेना. अंगठ्याच्या बुंध्याशी खळगा पडला. बापूंनी हळहळत दुसरी मुलगी शोधली, आणि सुलक्षा चोपड्याला गेली.

तिच्या मामाकडून कानावर यायचं. चिमटीत शिंपला राहत नाही, म्हणून तिसऱ्या वेचता येत नाहीत. वेणी आईला घालावी लागते. पण वाईट याच्याही पुढे होतं. गावात कुणाला पटेना. चिखलात जन्म काढलेल्या बायकांचे हात शाबूत, आणि थंड खोलीत खुर्चीवर बसलेलीचा हात गेला? कंप्युटराला दात असतात काय, असं विहिरीवर विचारायचे. सोंग आहे म्हणाले. कामाचा कंटाळा, शहरी चोचले. स्थळं आली ती हे ऐकून परत गेली. तिला नुसतं एवढं म्हणता आलं असतं की डॉक्टरने बघितलंय, नस दाबली गेलीय, कामानेच झालंय, तरी निम्मी तोंडं बंद झाली असती. पण तिला तर डॉक्टरने 'काय विशेष नाय' म्हणून सांगितलं होतं. तिच्या दुखण्याला नाव होतं, कारण होतं, आणि ते मला एकट्याला ठाऊक होतं. मग हळूहळू तीच स्वतःला आळशी समजू लागली, असं मामा म्हणाला. मी मान डोलावली. काय करणार, असं काहीतरी म्हटलं.

आता म्हापशात, डिचोलीत गल्लोगल्ली कंप्युटर क्लास निघालेत. येताजाता दारातून दिसतात—बंद खिडक्या, उंच टेबलं, कानापर्यंत चढलेले खांदे. पोरं मला म्हणतात, यावर लिही ना एक सणसणीत. बसतो मी. मथळा लिहितो. पुढचं वाक्य येत नाही. आलं तर ते त्या बाकावरून, त्या म्हापशाच्या बाकावरूनच यावं लागेल, आणि ते वाक्य मी कुणाविरुद्ध लिहिणार?

गेल्या थंडीत शिवोलीहून फेरीबोटीने चोपड्याला येत होतो. बोट सुटल्यावर बघितलं तर कठड्याशी ती. पिशवी डाव्या हातात, उजवा ओढणीत गुंडाळलेला. वाळली होती. मला बघून हसली. इतकी वर्षं जे हसू मी आठवून आठवून झिजवलं ते समोर आलं, आणि माझे पाय मागे सरले. तीच पुढे आली. आईचं विचारलं, बापूंचं विचारलं, अंक अजून निघतो का, आता टाइप कोण करतं, तिला खुर्ची तरी नवी दिलीत का. मी हो-नाही करत होतो. मग तीच हाताकडे बघून म्हणाली,

"तुमी नेलात म्हणून दोतोरान हात बघलो तरी. व्यायाम मीच नीट करूक नाय. दुखता म्हणून मधीच सोडलंय. चूक माझीच."

नदी तिथे फार रुंद नाही. पण एक वाक्य बोलायला पुरते. स्कूटरवाले होते, मासळीच्या पाट्या होत्या, कुणी आमच्याकडे बघत नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "आसू दे."

आसू दे. म्हणजे मी तिला क्षमा केली.

बोट धक्क्याला लागली. ती उतरली, चढणीवरून सावकाश गेली, आणि मी वळणापर्यंत बघत राहिलो. हाक मारायला तेवढंही अंतर पुरेसं होतं.

हे छापून येईल तेव्हा चोपड्याला कुणीतरी तिला वाचून दाखवील, नाहीतर ती स्वतःच वाचील. तोंडावर सांगायचं ते छापून सांगणं हासुद्धा भित्र्याचाच मार्ग, हे मला कळतं. सुलक्षा, डॉक्टरने काम थांबवायला सांगितलं होतं. फडकं पिळायला त्याने सांगितलंच नव्हतं, ते मी बनवलं. तू ते सोडलंस हे बरोबर केलंस. चूक तुझी नव्हती.